पोर शिंकतंय की फणफणलंय?

गोठ्यातल्या बैलाने संध्याकाळी वैरणीला तोंड लावलं नाही, की तुमच्या लगेच ध्यानात येतं. रवंथ करतो की नाही, हे तुम्ही रात्री उठून बॅटरीच्या उजेडात पाहता. पण घरातलं पोर नाक ओढत पडलं, तर "हवा बदललीय, होईल बरं" म्हणून आपण कामाला लागतो. बहुतेक वेळा ते बरं होतंही. मात्र दर वेळी ती साधी सर्दीच असेल, असं धरून चालू नका. सर्दी आणि फ्लू हे दोन्ही विषाणूंचेच आजार, पण दोघांची चाल निराळी.

सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका सुरू होतात, नाक गळतं. ताप नसतो, असला तर थोडी कसकस. पोर किरकिर करतं, पण दोन घास खातं, अंगणात खेळतं. आठ-दहा दिवसांत सर्दी आपली आपण जाते.

फ्लू झडप घालतो. सकाळी शाळेत गेलेलं पोर दुपारी फणफणून घरी येतं. ताप १०२ ते १०४ अंशांवर चढतो, हुडहुडी भरते, डोकं आणि हातपाय ठणकतात, कोरडा खोकला लागतो. खेळणं सोडून पोर अंथरूण धरतं. लहानांना उलट्या-जुलाबही होतात. हे दिवस बहुधा पावसाळ्याचे किंवा जानेवारी ते मार्चचे असतात. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा तापही असाच सुरू होतो, म्हणून अंदाजावर न राहता डॉक्टरांना दाखवा, सांगितल्यास रक्त तपासून घ्या.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. या आजारावर औषध आहे, पण पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर ते अधिक लागू पडतं. तेव्हा "बघू दोन दिवस" म्हणण्यात वेळ घालवू नका.

धोका ओळखायला घड्याळ पुरतं. पोर शांत असताना अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका धरा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पाणी-दूध घेत नसेल, सारखं ओकत असेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही जागं होत नसेल, तर १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी तडक दवाखाना गाठा.

घरी काय करायचं? अंगावरचं दूध चालू ठेवा. मोठ्या मुलाला पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं द्या. तापात गोधडीत गुंडाळू नका, नाकात तेल सोडू नका, चुलीच्या धुरापासून लांब ठेवा. तापाला पॅरासिटामॉल द्या, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, तेव्हा ते मागून घेऊ नका.

आणि खोकल्याची बाटली? २०२५ साली नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना अशी औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. दुकानातून परभारे बाटली आणण्याची सवय आता सोडलेली बरी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. आशाताईंकडे थर्मामीटर चालू स्थितीत आहे का, हे मासिक सभेत विचारा. श्वासाचे हे तीन आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. एका वर्गातली चार-पाच मुलं एकदम तापाने पडली, तर मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावं.

बैलाची जेवढी पारख तुम्हाला आहे, तेवढीच लेकराची ठेवा. आज रात्री पोर झोपलं, की एकदा श्वास मोजून पाहा. सवय झाली, म्हणजे वेळेला हात अडणार नाही.