गाळण, किण्वनद्रवाचे
किण्वनाने (सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवून) तयार झालेल्या द्रवातून सूक्ष्मजीव व इतर घन कण वेगळे करण्याची क्रिया. महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू केले. पेनिसिलीन कवकजालाबाहेरील द्रवात उतरते. म्हणून कवकजाल गाळून काढणे हा शुद्धीकरणाचा पहिला टप्पा होय. पेनिसिलिनाचे अपघटन होत असल्याने हे काम त्वरेने करावे लागते व त्यास लागणारा वेळ आधीच काढावा लागतो.

कापडावर साचणारा साका (घन पदार्थांचा थर) स्वतः गाळण्याचे काम करतो. पण प्रवाहास रोधही करतो. दाब स्थिर व कापडाचा रोध नगण्य असल्यास लागणारा वेळ गाळलेल्या घनफळाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो. १०० लि. द्रवास १० मिनिटे लागल्यास २०० लि. द्रवास ४० मिनिटे लागतात. कापडाचे क्षेत्रफळ दुप्पट केल्यास मात्र १० मिनिटेच पुरतात. दाब दुप्पट केल्यास वेळ निम्मा होतो, पण तो साका असंपीड्य (न चेपणारा) असेल तरच. कवकजालाचा साका चेपला जाऊन त्याचा रोध वाढतो. म्हणून द्रवात डायाटमी माती मिसळतात किंवा फिरत्या पिंपावरील साका सतत खरवडून पातळ ठेवतात.

पटलाने गाळताना द्रव पटलाला समांतर वाहता ठेवतात. त्यामुळे साका फारसा वाढत नाही. तथापि दाब तोच असताना साचलेल्या थराचा रोध पटलाच्या रोधाच्या तिप्पट झाल्यास प्रवाह मूळच्या एक-चतुर्थांशावर येतो.