चार सेकंदांची शर्यत

शर्यत म्हटली, की वळणावळणांचा लांबलचक मार्ग, त्यावरून घोंघावत जाणाऱ्या मोटारी आणि तास-दोन तास जागेवर खिळून राहिलेले प्रेक्षक, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे, की त्यात मार्गाला एकही वळण नसते आणि प्रेक्षकाने रुमाल काढून कपाळावरचा घाम टिपेपर्यंत शर्यत संपलेलीही असते. या प्रकाराला 'ड्रॅग शर्यत' असे म्हणतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागताच जागच्या जागेवरून निघतात आणि सरळ रेषेत धावतात. जी आधी अंतिम रेषा ओलांडील, ती जिंकली. सर्वांत वरच्या वर्गातील गाड्यांना यासाठी पुरते चार सेकंदही लागत नाहीत. या चार सेकंदांसाठी आठ-दहा माणसे तीन दिवस कशी राबतात, हे पाहण्यासारखे आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतील. दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातील अनेक तरुणांना जुन्या मोटारी घेऊन त्यांचा वेग वाढविण्याचा नाद लागला. काही जण कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर आपल्या गाड्या पळवीत. काही मात्र भर रस्त्यावरच पैज लावीत. त्यातून अपघात होत आणि लोकांचा रोष ओढवे. वेगाची ही हौस दडपून टाकण्यापेक्षा तिला योग्य जागा आणि नियम द्यावेत, असा विचार पुढे आला. १९५० साली सांता अ‍ॅना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे होऊ लागल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड या गावी झाली. १९६१ पासून ती इंडियानापोलिस शहराजवळ भरते. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीतील धावपट्टीवर या प्रकारच्या शर्यती झालेल्या आहेत.

या खेळात गाड्यांचे अनेक वर्ग आहेत. त्यांतील सर्वांत वेगवान वर्ग 'टॉप फ्युएल' या नावाने ओळखला जातो. या वर्गातील गाडी सुमारे पंचवीस फूट लांब असते. पुढची दोन चाके लहान आणि अरुंद, तर मागची दोन माणसाच्या कमरेइतकी उंच आणि चांगली रुंद. या दोहोंच्या मध्ये पोलादी नळ्यांचा निमुळता सांगाडा असतो. त्यात चालक बसतो आणि चालकाच्या पाठीमागे आठ सिलिंडरांचे इंजिन असते. चालकासह या गाडीचे वजन हजार किलोग्रॅमहून थोडेसेच अधिक भरते. पण तिच्या इंजिनाची शक्ती अकरा हजार अश्वशक्तीच्या आसपास असल्याचे तज्ज्ञ सांगतात. नेहमीच्या लहान मोटारीचे इंजिन शंभर अश्वशक्तीचे धरले, तर अशा शंभराहून अधिक मोटारींचे बळ या एका गाडीत एकवटलेले असते.

हे बळ येते कोठून? त्याचे रहस्य इंधनात आहे. या गाडीत पेट्रोल वापरीत नाहीत. सुमारे नव्वद टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेले मिथेनॉल, असे मिश्रण वापरतात. आता एक गंमत पाहा. एक किलोग्रॅम नायट्रोमिथेन जाळल्यास पेट्रोलच्या केवळ चौथा हिस्सा उष्णता मिळते. मग ते अधिक बलवान कसे? कोणतेही इंधन जळण्यासाठी प्राणवायू लागतो आणि इंजिनात एका वेळी मावेल तेवढीच हवा घेता येते. एक किलोग्रॅम पेट्रोल जाळण्यास सुमारे पंधरा किलोग्रॅम हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत प्राणवायू आधीपासूनच असल्यामुळे त्याचे काम पावणेदोन किलोग्रॅम हवेत भागते. म्हणजे तेवढ्याच हवेत ते आठपटींहून अधिक जाळता येते आणि एकूण उष्णता दुपटीवर जाते. त्यातच एक मोठा पंखेवजा दाबयंत्र इंजिनात हवा कोंबत असते, म्हणून शक्ती आणखी वाढते. मात्र याची किंमतही तशीच मोजावी लागते. गाडी उभी करण्यापासून शर्यत संपेपर्यंतच्या काही मिनिटांत चाळीस लिटरांच्या आसपास इंधन संपून जाते.

स्पर्धा साधारणपणे शुक्रवारी सुरू होते. त्याआधीच प्रत्येक संघाचे मोठमोठे मालट्रक मैदानात येऊन थांबलेले असतात. या मालट्रकांत गाडी, जास्तीची इंजिने, हत्यारे आणि सुटे भाग असतात. ते म्हणजे चाकांवरचे कारखानेच होत. शेजारी छत उभारून खाली स्वच्छ पथारी अंथरली, की संघाची कर्मशाळा तयार होते. प्रेक्षकांना तेथपर्यंत जाऊन काम जवळून पाहता येते, हे या खेळाचे एक वैशिष्ट्य आहे. इंजिन चालू करून पाहण्याची वेळ झाली, की जाणते प्रेक्षक कानांत बोळे घालतात आणि दोन पावले मागे सरतात. कारण त्या धुराने डोळे झोंबून पाणी येते.

शुक्रवार आणि शनिवार पात्रता फेऱ्यांचे. या फेऱ्यांत प्रत्येक गाडीला अंतर कापण्यास किती वेळ लागला, ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या सोळा गाड्या रविवारच्या बाद फेरीसाठी निवडल्या जातात. पहिली सोळाव्या गाडीशी, दुसरी पंधराव्या गाडीशी, अशा जोड्या लागतात. म्हणून केवळ सोळांत येऊन भागत नाही. जितका वरचा क्रमांक, तितका पहिला सामना सोपा आणि दोन मार्गिकांपैकी हवी ती निवडण्याचा हक्कही आपला.

आपल्याला वाटेल, की शक्ती अधिक तितकी गाडी वेगवान. वस्तुस्थिती तशी नाही. चाकांनी जमीन धरली नाही, तर सगळी शक्ती चाके जागच्या जागी फिरविण्यात वाया जाते. उलट शक्ती राखून ठेवली, तर शेजारची गाडी पुढे निघून जाते. या दोहोंच्या मधला नेमका बिंदू शोधणे, हे संघाच्या प्रमुख तंत्रज्ञाचे काम. शर्यतीच्या मार्गावर चिकट द्रव्य फवारलेले असते आणि त्यावर टायरांच्या रबराचा थर साचलेला असतो. सकाळी गारव्यात हा पृष्ठभाग चाकांना घट्ट धरतो. दुपारी ऊन चढले, की तो निसरडा होतो. ढग आला तरी हिशेब बदलतो. म्हणून तंत्रज्ञ मार्गाचे तापमान मोजतो, हवेचा दाब आणि तिच्यातील ओलावा टिपून घेतो, आधीच्या धावेच्या नोंदी चाळतो आणि मग क्लचचा दाब व इंधनाचे प्रमाण ठरवितो. एकदा गाडी निघाली, की त्याला काहीही बदलता येत नाही.

रविवारचा दिवस बाद फेरीचा. चार फेऱ्या जिंकणारा विजेता. पण एकदा हरला, की परतीची वाट. या दिवशी सर्वांत पाहण्यासारखे काम कोणते असेल, तर ते दोन फेऱ्यांच्या मधले. एका धावेत इंजिनाचा मुख्य दांडा पाचशेच्या आसपास वेळाच फिरतो. परंतु तेवढ्यातच आतील भागांवर इतका ताण पडतो, की ते पुन्हा तपासल्यावाचून वापरणे धोक्याचे असते. गाडी परत येताच ती उचलून टेकूंवर ठेवतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी जातो. एक जण वरचे दाबयंत्र उतरवितो, दोघे दोन बाजूंची सिलिंडरांची डोकी काढतात, एक जण गाडीखाली निजून दट्टे आणि त्यांचे दांडे बाहेर घेतो, दुसरा क्लचच्या घासलेल्या चकत्या बदलतो. सोळाही स्पार्क प्लग ओळीने मांडून त्यांचा रंग पाहतात. कोणत्या सिलिंडरात ज्वलन बिघडले, ते त्यांवरून कळते. मग नवे भाग बसवून, नवे तेल भरून, इंजिन चालू करून पाहतात. हे सारे सुमारे तासाभरात आटोपावे लागते. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाच्या आड येत नाही. एक बोल्ट ढिला राहिला, तर त्याचे फळ गाडीत बसणाऱ्याला भोगावे लागेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आता आपण प्रारंभरेषेकडे जाऊ. चालक प्रथम ओल्या जागेवर मागची चाके गरगर फिरवितो. टायर तापून चिकट होतात आणि त्यांचे दोन काळे पट्टे जमिनीवर उमटतात. मग गाडी हळूहळू मागे येते. चालकाला मागचे दिसत नसल्यामुळे संघातील एक जण समोर उभा राहून हातांच्या खुणांनी तिला तिच्याच पट्ट्यांवर आणतो. पुढे एका खांबावर दिवे असतात. नाताळच्या वृक्षासारखा दिसणारा हा खांब १९६३ साली वापरात आला. त्यापूर्वी एक माणूस निशाण हालवून इशारा देई. तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि त्यानंतर सेकंदाच्या चार दशांशांनी हिरवा लागतो. हिरव्याची वाट पाहत बसणारा मागे पडतो. त्याच्या आधी निघणाऱ्यापुढे लाल दिवा लागतो आणि तो बाद होतो. म्हणून कधी कधी ज्याच्या गाडीने अंतर कापण्यास अधिक वेळ घेतला, तोच जिंकतो. कारण तो निघालेला असतो आधी!

गाडी सुटते तेव्हा चालकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या चारपटींहून अधिक भार पडतो. पहिला सेकंद पुरा होण्याच्या आत वेग ताशी १५० किलोमीटरांवर गेलेला असतो आणि अंतिम रेषेपाशी तो ५३० च्या घरात पोहोचतो. तेथे चालक दोन हवाई छत्र्या उघडतो आणि मगच गाडी आवरते.

येथवर वाचून कोणास वाटेल, की हा केवळ धाडसाचा खेळ आहे. परंतु या खेळाने जे शहाणपण मिळविले, ते फार मोठी किंमत मोजून. पूर्वी इंजिन पुढे असे आणि चालक अगदी मागे बसे. १९७० साली कॅलिफोर्नियातील एका शर्यतीत डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीतील गतिप्रेषक यंत्रणा फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांनी उजव्या पायाचा काही भाग गमावला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, की इंजिनच चालकाच्या मागे नेले तर? असे प्रयत्न पूर्वी झाले होते; पण त्या गाड्या सरळ चालत नसत. चक्र किंचित फिरविले, तरी गाडी फार वळे. गार्लिट्स आणि त्यांचे सहकारी यांनी चक्राचा हा उतावळेपणा कमी केला आणि १९७१ साली पोमोना येथील स्पर्धा तशा गाडीने जिंकून दाखविली. पुढे काही वर्षांतच साऱ्यांनी ही रचना स्वीकारली.

शर्यतीचे अंतर पूर्वी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असे. २००८ साली इंगलिशटाउन येथे पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटा यांच्या गाडीचे इंजिन फुटले. गाडी वेळेवर थांबू शकली नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी या इंधनावर चालणाऱ्या वर्गांसाठी अंतर कमी करून एक हजार फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर केले गेले. शर्यतीचे अंतर घटले आणि थांबण्यासाठी जागा वाढली. अंतिम रेषा जवळ आणणे हाही प्रगतीचाच एक टप्पा असू शकतो, हे या निर्णयाने दाखवून दिले.

हा खेळ पुरुषांचाच, अशी समजूतही फार दिवस टिकली नाही. शर्ली मल्डाउनी यांना १९७३ साली टॉप फ्युएल गाडी चालविण्याचा परवाना मिळाला. असा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ असे तीन वेळा त्यांनी या वर्गाचे विजेतेपद पटकाविले. १९८४ साली झालेल्या भीषण अपघातात त्यांचे पाय मोडले. तरी १९८६ साली त्या पुन्हा प्रारंभरेषेवर उभ्या राहिल्या.

रविवारी सायंकाळी अंतिम सामना होतो. विजेत्याला एक लहानसा पुतळा मिळतो. वॉली पार्क्स यांच्या नावावरून त्याला 'वॉली' म्हणतात. ज्या पंधरा संघांना तो मिळत नाही, त्यांच्यापैकी आठ तर पहिल्याच फेरीत बाद झालेले असतात. तीन दिवसांच्या श्रमांचा निकाल त्यांना चार सेकंदांत कळतो आणि तोही अनेकदा डोळ्याची पापणी लवण्याइतक्या अंतराने. तथापि बाद झालेला संघही गाडी तशीच टाकून जात नाही. ती नीट उघडून पाहतात, कोणता भाग कसा झिजला, ते टिपून ठेवतात, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवतात. पुढच्या स्पर्धेचे गाव कदाचित हजार किलोमीटर दूर असते.

चालकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून दुमदुमते आणि ते योग्यही आहे, कारण जीव त्याचा पणाला लागलेला असतो. पण तो निःशंक मनाने पाय दाबू शकतो, तो ज्यांची नावे कोणी पुकारीत नाही त्या हातांवर विश्वास ठेवून. काळोख पडता पडता छत उतरते, पथारी गुंडाळली जाते आणि मालट्रक रस्त्याला लागतात.