भात बाहेर, नोरी आत

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः तांदळाचा व्हिनेगर, साखर व मीठ मिसळलेला चिकटसर भात हा सुशीचा पाया होय. जपानी ‘माकी’ प्रकारात हा भात ‘नोरी’वर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यावर, पसरतात, मध्ये मासा अथवा काकडी ठेवून बांबूच्या चटईने अळुवडीच्या उंड्याप्रमाणे गुंडाळतात आणि तुकडे कापतात. परंपरेने नोरी बाहेर असते, भात आत.

उत्तर अमेरिकेत ही रचनाच पालटली. लॉस एंजेलिसमधील ‘टोकियो काइकान’ उपाहारगृहाचे आचारी इचिरो माशिता यांना ट्यूना माशाच्या पोटाचा चरबीयुक्त भाग बारमाही मिळत नसे. त्यांनी त्याऐवजी ॲव्होकाडो वापरला, अशी एक हकिकत आहे. पिकलेल्या ॲव्होकाडोचा स्निग्धपणा त्या मांसाशी जुळतो. व्हँकुव्हरचे हिदेकाझू तोजो याच ‘कॅलिफोर्निया रोल’चे श्रेय स्वतःकडे घेतात. गिऱ्हाइकांना शेवाळ नकोसे वाटे, म्हणून ते भाताच्या आत दडवले, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. मात्र दोन्ही हकिकतींत हा बदल अडचणीतून झालेला दिसतो, हौसेतून नव्हे.

पुढे प्रत्येक प्रांताने आपापले जिन्नस त्यात घातले. ब्रिटिश कोलंबियाच्या ‘बी. सी. रोल’मध्ये सॅमनची भाजलेली कातडी असते. ‘फिलाडेल्फिया रोल’मध्ये धुरावलेला सॅमन व क्रीम चीज असते, नाव शहराचे नव्हे, चीजच्या व्यापारी छापाचे, आणि ते चीज मूळचे न्यूयॉर्क राज्यातले! ब्राझीलमध्ये तर अख्खी गुंडाळी तळून ‘हॉट रोल’ म्हणून वाढतात.

हे सारे भ्रष्ट रूप मानावे काय? येथे सॅमनचेच उदाहरण बोलके आहे. (आपल्याकडील रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले तरी तो मासा वेगळा.) पॅसिफिक सॅमनमध्ये परजीवी आढळत असल्याने जपानमध्ये तो कच्चा खाण्याची रीत नव्हती. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतील सॅमनचा तेथे चिकाटीने प्रचार केला, तेव्हा कोठे तो सुशीवर आला.

तरीही २००६ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने परदेशांतील ‘अस्सल’ जपानी उपाहारगृहांना प्रमाणपत्र देण्याची योजना मांडली. अमेरिकी वृत्तपत्रांनी ‘सुशी पोलीस’ म्हणून तिची थट्टा केली आणि ती मागे पडली. २०१६ मध्ये जपान सरकारने जपानी पाककलेचे सदिच्छादूत म्हणून तोजो यांचीच नियुक्ती केली.