हुतात्म्याची कमाई किती होती?

स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९२३ साली ‘आर्मी पेन्शन्स अ‍ॅक्ट’ केला. ब्रिटिशांशी लढताना पडलेल्यांच्या वारसांना त्यामुळे प्रथमच सरकारी आधार मिळणार होता. मात्र मुलगा कुठे आणि कसा पडला एवढं सांगून आईबापांचं भागत नव्हतं. तो हयात असताना घरात किती पैसे देत होता आणि आपण त्याच्यावर अवलंबून होतो का, हेही त्यांना सिद्ध करावं लागे.

पडलेल्यांत बिनलग्नाची तरणी पोरं पुष्कळ होती, त्यामुळे दावा करायला उरत ते म्हातारे आईवडील. डब्लिनच्या दुकानात नोकरी करणाऱ्याचा पगार आकड्यांत मांडता येई. पण कॉर्कमध्ये बापाच्या शेतात राबणाऱ्या पोराला पगार कोण देणार? त्याच्या कष्टांची किंमत पौंडांत कशी लावायची? मग पाद्र्याचं पत्र, जुन्या कमांडरचा दाखला, स्थानिक पोलिसांची चौकशी. घरात कमावते किती, जमीन किती, गुरं किती, सगळं लिहून जाई. ‘अंशतः अवलंबून’ ठरलेल्यांची बोळवण एकरकमी पैशांवर होई. विधवेला भत्ता मिळे, पण तिने पुन्हा लग्न केलं की तो बंद. यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राज्याची तिजोरी रिकामी होती, हे मान्य. तरीही पोटचा पोर गमावलेल्या बाईला त्याच्या कमाईचा हिशेब विचारणं मला क्रूर वाटतं.

स्वतःचं सरकार नव्हतं तेव्हा पडलेल्यांच्या घरांना आधार देण्याचं काम लोकांनीच अंगावर घेतलं होतं. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावानंतर कॅथलीन क्लार्क यांनी हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभारला. त्यांचे पती टॉम क्लार्क यांना ३ मे रोजी आणि धाकटा भाऊ नेड डेली याला दुसऱ्याच दिवशी गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्या अवस्थेत ही बाई इतरांच्या चुली पेटत्या ठेवायला उभी राहिली. पुढे या निधीत दुसरी एक मदतसंस्था विलीन झाली आणि १९१७मध्ये या एकत्रित संस्थेचा सचिव झाला पुढचा क्रांतिनेता मायकेल कॉलिन्स. देशभरच्या क्रांतिकारक घरांशी त्याची ओळख या कामातून वाढली.

१९२२च्या यादवीने मृतांचीही वाटणी केली. कालचे साथीदार ब्रिटनशी झालेल्या तहाच्या बाजूचे आणि तहाविरुद्धचे असे एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. सरकारने तहविरोधी कैद्यांना गोळ्याही घातल्या. सरकारी सैन्यात पडलेल्यांच्या घरी भत्ता सुरू झाला, पण तहाविरुद्ध लढताना पडलेल्यांच्या घरच्यांना ताटकळावं लागलं. तहविरोधी नेते डी व्हॅलेरा यांचा पक्ष सत्तेवर आल्यावर, १९३२च्या कायद्याने त्यांना दार उघडलं. मधली दहा वर्षं त्या आयांनी कशावर काढली असतील?

आणि १९३६चा एक कायदा तर थेट आपल्या भूमीशी जोडलेला आहे. जून १९२०मध्ये जालंधरच्या छावणीत ब्रिटिश सैन्याच्या ‘कनॉट रेंजर्स’ पलटणीतल्या आयरिश शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली. आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौज अत्याचार करत असताना त्याच राजाची चाकरी करणार नाही, असं त्यांनी सुनावलं. हे लोण सोलनला पोचलं. तिथे दारूगोळ्याच्या कोठारावर चाल करताना झालेल्या गोळीबारात स्माइथ आणि सीअर्स हे दोन शिपाई मेले. सोलनचा पुढारी जेम्स डेली याला २ नोव्हेंबरला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. तो जेमतेम विशीचा होता.

हे शिपाई ब्रिटिश गणवेशातले, त्यामुळे आयरिश क्रांतिसेनेच्या याद्यांत त्यांची नावं असणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वारसांसाठी ‘कनॉट रेंजर्स पेन्शन्स अ‍ॅक्ट’ हा वेगळा कायदा करावा लागला. बंडाला तेव्हा सोळा वर्षं उलटून गेली होती.

स्वतः लढलेल्यांसाठीचे कायदे निराळे होते, १९२४चा आणि १९३४चा. त्यांखाली सुमारे ८२ हजार अर्ज आले आणि मंजूर झाले जेमतेम १५,७००. हे सारं दप्तर डब्लिनच्या लष्करी अभिलेखागारात आहे. २०१४पासून ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुलं होत गेलं आणि ऑनलाइन वाचता येतं. इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना ओळसुद्धा मिळाली नाही अशा शेतकरी-कामगार घरांची भाडी, कर्जं, आजारपणं त्यात नोंदलेली सापडतात, कारण कधीकाळी कुणा अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पुरावा मागितला होता.