गुरांच्या दवाखान्यातून

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले, तेव्हा त्यांना काम सुरू करायला जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. दर नाताळात गव्हाणीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आम्हा ख्रिस्ती माणसांना ही जागा सहसा विसरता येत नाही. त्या दोघांनी मात्र तिचं कौतुक करत बसण्यात वेळ घालवला नसेल. दाराशी माणसं उभी होती.

रजनीकांत त्याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांच्या घरातले. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, 1960 साली त्यांचं लग्न झालं, आणि खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी आयुष्य वेचायचं हे त्यांनी एकमेकांच्या साक्षीने ठरवलं. तोवर यात नवीन काही नव्हतं. आपल्याकडे मिशन हॉस्पिटलांची परंपरा मोठी, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली उभारलेल्या रुग्णालयाने किती पिढ्यांचे प्राण वाचवले! त्याच वाटेने आरोळे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेलं आणि चार-पाच वर्षं राबलं.

तिथे त्यांना जे दिसलं, त्यात मला पुढच्या साऱ्या कामाचं मूळ दिसतं. जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसंच सुकून परत यायचं. औषध बरोबर होतं, पण घरी जाऊन मूल तेच पाणी पीत होतं. खाटा भरलेल्या, शस्त्रक्रिया यशस्वी, आणि गाव जिथे होतं तिथेच. आलेले बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. भरलेलं हॉस्पिटल म्हणजे फळाला आलेली सेवा असं मानून तिथेच थांबता आलं असतं, आणि कुणी दोषही दिला नसता. या दोघांनी अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. परतले ते थेट जामखेडला. पाऊस हुलकावणी देणारा आणि दवाखाने दुर्मीळ असलेला तालुका. सुरुवातीला 30 गावं, 40 हजारांच्या आसपास माणसं. जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

लोकांना आरोग्य नको होतं. लोकांना पाणी हवं होतं, भाकरी हवी होती. मग डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून पाण्याचं काम हाती घेतलं. दुष्काळाची ती वर्षं, 1972 च्या आगेमागेची. कूपनलिका घ्यायच्या होत्या, पण कुठे? पाणी गावात लागलं असतं, तर दलित वस्तीतल्या बाईला पुन्हा घागर घेऊन लांब उभं राहावं लागलं असतं, कुणी वरून ओतेल या आशेवर. म्हणून हातपंपांच्या जागा दलित वस्तीत पडतील असं पाहिलं गेलं. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी आटल्या की सगळ्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत जाणं भाग होतं. सेवेबद्दलची कितीतरी प्रवचनं मी ऐकली आहेत. त्या हातपंपाइतकं स्पष्ट बोललेलं फार थोड्यांत सापडलं.

तरुण शेतकऱ्यांची मंडळं झाली, मग महिला मंडळं. पण आरोग्याचं काम प्रत्येक गावात करणार कोण? शिकलेल्या नर्स खेड्यात मुक्कामाला राहायला तयार नव्हत्या. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. निवडलेल्यांत बऱ्याचजणी दलित, बहुतेक निरक्षर, काही नवऱ्यांनी टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र स्वयंपाक करायच्या आणि एकाच पंगतीला जेवायच्या. त्यासाठी काहीजणींना आधी मनातलं पुष्कळ काही ओलांडावं लागलं. त्या शिकल्या काय? मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं, बाळाची टाळू खोल गेली तर काय ओळखायचं, नाळ कापायचं पातं का उकळायचं, पोटुशीला पोटभर जेवू का घालायचं. कातडीवरचा बधिर चट्टा ओळखणंही त्या शिकल्या. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत न करता त्यांना इतर रोग्यांबरोबरच तपासलं जाऊ लागलं.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो. त्या प्रसंगाचा अर्थ आम्ही बहुधा नम्रतेपाशी संपवतो. जामखेडकडे पाहून मला वाटतं, पाय धुण्यापेक्षा अवघड काम दुसरंच आहे: जे ज्ञान आपल्याला मान देतं, तेच दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणं. नाडी बघणारा हात आपलाच असावा, हा मोह डॉक्टरला किती असेल! आरोळ्यांनी तो सोडला, आणि कुणाचाही धर्म विचारला नाही. ज्या बाईच्या सावलीचाही विटाळ मानत, तिलाच बाळंतपणाच्या रात्री मोठ्या वाड्यातून बोलावणं येऊ लागलं. ती गेली.

पुढचं बरंचसं जगाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. तीन वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार, 1990 मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण. नव्वदीच्या दशकात बालमृत्यू हजारी तिशीच्या आत आले होते. 2005 पासून गावोगावी सरकारच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या आल्या, तेव्हा जामखेडच्या बायांनी ती वाट केव्हाच तुडवून ठेवली होती.

मेबल 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 च्या मे महिन्यात. आमच्या मंडळ्यांत अजूनही सेवेचा विषय निघाला की बोलणं नव्या इमारतीवर, वर्गणीवर आणि रविवारच्या हजेरीवर येऊन ठेपतं, याचं मला दुःख आहे. कारण ख्रिस्ताच्या नावाने केलेली सेवा विहिरीपर्यंत, शेतापर्यंत, चुलीपर्यंत आणि जातीच्या उतरंडीपर्यंत कशी पोहोचते, हे दूरच्या कुठल्या देशात नव्हे, आपल्याच जिल्ह्यात घडून गेलं आहे.

जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात आजवर कितीतरी देशांतले डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी शिकून गेले. त्यांना शिकवणाऱ्यांत या बायाही होत्या. शाळेची पायरी न चढलेली एखादी आजी पदर खोचून समोर उभी राहते, मराठीत सांगू लागते, आणि दुभाष्याचं बोलणं संपेपर्यंत डॉक्टर वहीवर पेन टेकवून थांबलेले असतात.