तांदळाचे कोश

घरच्या धंद्याचें प्रतिबिंब देवाच्या नैवेद्यांत कसें उमटतें, याचें एक मनोहर उदाहरण जपानांत आढळतें. गुन्मा, नागानो व चिचिबूचें खोरें या डोंगराळ भागांत पिढ्यान्‌पिढ्या रेशमाच्या किड्यांवर संसार चालले. म्हणून तेथें त्यांस नुसते किडे न म्हणतां ‘ओकाइको-सामा’ अशा आदरार्थी नांवानें संबोधीत.

जानेवारीच्या मध्यास तेथें ‘कोशोगात्सु’, म्हणजे धाकटें नववर्ष, येतें. त्या वेळीं ‘मायुदामा’ करतात. तांदळाची पिठी कढत पाण्यांत मळून तिचे रेशीमकोशाच्या आकाराचे गोळे वळतात, ते वाफवितात आणि तुतीच्या किंवा दुसऱ्या झाडाच्या फांदीस टोंचून घरांत उभारतात. फांदी जशी लगडली, तसें घर कोशांनीं भरावें, हीच प्रार्थना! पुढें नववर्षाच्या सजावटीची गांवकरी होळी करतात. तिच्या निखाऱ्यांवर हे गोळे भाजून खाल्ल्यास वर्षभर दुखणें येत नाहीं, अशी श्रद्धा आहे.

या प्रार्थनेमागें खरी धास्ती होती. किडे सुमारें महिनाभर अहोरात्र पाला खात. थंडीनें वा रोगानें सारें पीक हातचें जाई. हें जागरण बहुधा घरच्या स्त्रियांच्याच वांट्यास येई.

१९२९ सालीं सुमारें २२ लाख शेतकरी कुटुंबें हा धंदा करीत. आज तीं २००हूनही कमी उरलीं आहेत. तरी मायुदामा अजून होतात. नैवेद्याचा आकार टिकला, म्हणून आपल्या घरानें कोणाच्या आधारावर दिवस काढले, हें नातवंडांस सांगावयास निमित्त उरलें आहे.