संगमावरचं गाव रिकामं का झालं? (केअरो, इलिनॉय)



‘मानवी वस्ती’ हा पाठ शिकवताना आपण मुलांना हमखास सांगतो, की नदीकाठी, विशेषतः दोन नद्यांच्या संगमावर, वस्ती वाढते. पाणी मिळतं, सुपीक गाळ मिळतो, जलवाहतूक होते. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, दोन गुण मिळतात. हे चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग समजावून द्यायला मी अमेरिकेतल्या एका लहानशा गावाचं उदाहरण घेते. गावाचं नाव Cairo. नाव इजिप्तच्या राजधानीचं असलं तरी तिथले लोक उच्चार ‘केअरो’ असा करतात. आपणही तोच वापरू.

आधी नकाशा उघडा. इलिनॉय राज्याचं दक्षिण टोक शोधा. वायव्येकडून मिसिसिपी येते, ईशान्येकडून ओहायो येते आणि दोघींच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर केअरो वसलेलं आहे. पश्चिमेला नदीपलीकडे मिझुरी राज्य, पूर्वेला केंटकी. इथे मुलांना एक गंमत सांगा. संगमानंतर नाव मिसिसिपीचं चालतं, पण संगमापाशी सरासरी पाणी जास्त आणते ती ओहायो. दुसरी गंमत अशी, की इलिनॉय हे उत्तरेकडचं राज्य मानलं जातं, पण यादवी युद्धात दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंडपेक्षाही केअरो अधिक दक्षिणेला आहे. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इलिनॉय राज्यातली सर्वांत सखल जागा म्हणजे हा संगम. त्यामुळे गावाच्या दोन्ही अंगांना पूरबांध आहेत. ओहायोच्या बाजूला काँक्रीटची उंच भिंत आहे. उत्तरेकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर एक अवाढव्य पोलादी दरवाजा आहे. तो खाली सोडला, की गाव चहूबाजूंनी बंद होतं. एखाद्या वाडग्याच्या तळाशी घरं बांधावीत, तसं हे गाव आहे.

आता लोकसंख्या. जनगणनेचे हे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना रेषालेख काढायला लावा. १८६० मध्ये २,१८८. १८७० मध्ये ६,२६७. १९०० मध्ये १२,५६६. १९२० मध्ये १५,२०३, हा सर्वोच्च आकडा. १९५० मध्ये १२,१२३. १९६० मध्ये ९,३४८. १९७० मध्ये ६,२७७. २००० मध्ये ३,६३२. २०१० मध्ये २,८३१. आणि २०२० मध्ये १,७३३. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जिथे नऊ माणसं होती, तिथे आज एकच उरलंय. आलेख पूर्ण झाला, की विचारा, “का बरं?” वर्गातून पहिलं उत्तर येईल, “पूर आला असेल, बाई!” उत्तर स्वाभाविक आहे. पण १९३७ आणि २०११ या दोन्ही महापुरांत केअरो वाचलं. गाव पाण्यानं रिकामं केलं नाही.

मग आधी ते भरलं कशामुळे, ते पाहू. १८४० च्या आधी एका कंपनीनं इथे मोठं शहर उभारण्यासाठी इंग्लंडमध्ये रोखे विकून पैसा जमवला आणि ती बुडाली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स इथून आगबोटीनं गेला, तेव्हा त्याला दिसली ती दलदल आणि अर्धवट बांधलेली घरं. त्यानं या जागेबद्दल फार वाईट लिहून ठेवलं आहे. म्हणजे संगम होता, सुपीक गाळही होता, तरी शहर काही झालं नाही. पुढे १८५६ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि चित्र पालटलं. यादवी युद्धात १८६१ मध्ये जनरल ग्रँट यानं इथे मुख्यालय केलं, कारण इथून दोन्ही नद्यांवर ताबा ठेवता येत होता. गुलामीतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय लोक नदी ओलांडून इथल्या छावणीत आले आणि त्यातले बरेच इथेच राहिले. नद्यांवर तेव्हा पूल नव्हते. त्यामुळे माल उतरवायचा, गोदामात ठेवायचा, पलीकडे न्यायचा. आगगाडीचे डबेसुद्धा बोटीवर चढवून ओहायोपार नेत. केअरोची कमाई या *थांबण्यात* होती. मुलांच्या वहीत हे वाक्य लिहून द्याच.

१८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. गाडी आता न थांबता पलीकडे जाऊ लागली. पुढे मोटारींचे पूल झाले, आणि १९७८ मध्ये ५७ क्रमांकाचा महामार्ग गावाला वळसा घालून मिसिसिपीपार गेला. आता चाणाक्ष विद्यार्थी आलेखाकडे बोट दाखवून विचारेल, की पूल १८८९ चा, मग लोकसंख्या १९२० पर्यंत वाढली कशी? त्याला शाबासकी द्या. आसपासच्या जंगलातल्या लाकडावर चालणाऱ्या गिरण्यांनी आणि इतर कारखान्यांनी गावाला आणखी तीस वर्षं तारून नेलं. भूगोलातल्या कारणांचा परिणाम लगेच दिसत नाही.

पण एवढ्यावर थांबलो, तर मुलांना खोटा भूगोल शिकवल्यासारखं होईल. आलेखातली सर्वांत तीव्र घसरण पाहा. १९६० ते १९७० या दहा वर्षांत गावातली एक तृतीयांश माणसं गेली. तेव्हा कुठलाही नवा पूल झाला नव्हता.

केअरो नकाशावर उत्तरेत होतं, पण तिथला वर्णभेद दक्षिणेसारखा होता. १९०९ मध्ये हजारोंच्या जमावानं इथे एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं. १९६२ मध्ये गावातल्या जलतरण तलावात कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध आंदोलन झालं. पुढे अमेरिकी संसदेत खासदार झालेले जॉन लुईस त्या तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करत असल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मग तलाव सर्वांना खुला केला का? नाही. तो बंदच केला. आपल्या मुलांचंही पोहणं गेलं तरी चालेल, पण ‘त्यांच्या’ मुलांबरोबर नको!

१९६७ मध्ये सुट्टीवर आलेला १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या, लोकांचा विश्वास बसला नाही. गाव पेटलं. गावातल्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय एक तृतीयांशाहून जास्त होते, पण दुकानांत त्यांना नोकऱ्या मिळत नव्हत्या. १९६९ मध्ये त्यांनी बाजारपेठेवर बहिष्कार घातला आणि तो काही वर्षं चालला. अनेक दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकान बंद करणं पसंत केलं. दुकानं गेली, रोजगार गेले, मग दोन्ही वर्णांची माणसं गेली. आज गावात दहापैकी सुमारे सात जण कृष्णवर्णीय आहेत. एकेकाळच्या मुख्य बाजारात रिकामे भूखंड जास्त आणि इमारती कमी, अशी अवस्था आहे.

मोठ्या वर्गांसाठी २०११ ची घटना जरूर घ्या. त्या वर्षी पाण्याची पातळी ६१ फुटांवर गेली. भिंत साधारण ६४ फुटांपर्यंतची. गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला. २ मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिझुरीतला बांध स्फोटकांनी फोडला. ही योजना १९२७ च्या महापुरानंतर आखलेली होती. मिझुरी राज्य त्याविरुद्ध न्यायालयात गेलं होतं, पण उपयोग झाला नाही. सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली आणि केअरो वाचलं. त्या जमिनीत पिनहूक नावाचं छोटं गाव होतं. दुसरीकडे कुणी जमीन विकत देईना म्हणून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी तिथे वसवलेलं. ते कायमचं उठलं. यावर वर्गात चर्चा लावा. एका गावासाठी दुसरं गाव बुडवायचं का, कोण ठरवणार, भरपाई कशी मोजायची? बरोबर उत्तर तुमच्याजवळ नसलं तरी चालेल. माझ्याजवळही नाही.

वाचलेल्या केअरोतून माणसं जातच राहिली. २०१७ मध्ये सरकारनं तिथली दोन मोडकळीला आलेली सार्वजनिक घरकुलं पाडायचं ठरवलं. सुमारे ४०० जणांना, त्यात जवळपास निम्मी मुलं, घर सोडावं लागलं. गावात भाड्याची घरं नव्हती, म्हणून बहुतेकांनी गावच सोडलं. २०१० ते २०२० या दशकात केअरो ज्या अलेक्झांडर काउंटीत येतं, तिची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी घटली. त्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीत इतकी मोठी टक्केवारीतली घट झाली नाही. काही वर्षं तर गावात किराणा दुकानही नव्हतं. भाजी आणायला नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जावं लागे. २०२३ मध्ये रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर एक दुकान सुरू केलं.

आणि आता तिथे पुन्हा नदीबंदर बांधायची योजना आहे. राज्य सरकारनं त्यासाठी ४ कोटी डॉलर देऊ केले आहेत. कारण तेच, दोन नद्यांचा संगम!